संस्था मुलांच्या वयानं वाढते

चौतीस वर्षं दिव्यांग मुलांच्या विशेष शाळेत काढली, त्यातली शेवटची बारा कारभार बघण्यात गेली. निवृत्त होऊन आता पाच वर्षं होतील. या सदराला येणारी पत्रं बहुतेक आयांची असतात. या वेळी संस्था चालवणाऱ्या एका विश्वस्तांचं, एका कंपनीतल्या अधिकाऱ्याचं आणि एका नव्या शिक्षिकेचंही पत्र आलं. ही माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, पण चौघांचं दुखणं एकमेकांत गुंतलेलं आहे. म्हणून चारही पत्रं याच अंकात घेते आहे.

प्रश्न : निफाड तालुक्यातली आमची संस्था बारा वर्षांपूर्वी सात मुलांवर सुरू झाली. आज शाळेत एकशे दहा मुलं आहेत, फिजिओथेरपी आहे. एक देणगीदार इमारतीवर दोन मजले चढवून द्यायला तयार आहेत. काही विश्वस्त म्हणतात, त्यापेक्षा पेठ-सुरगाण्याकडे केंद्र काढू. ताई, विस्तार नेमका कुठल्या दिशेनं करावा? (एक विश्वस्त, निफाड)

दादा, आधी मला सांगा, तुमच्या पहिल्या सात मुलांतलं सगळ्यात मोठं मूल आज कुठे आहे? तेव्हा ते आठ-नऊ वर्षांचं असेल तर आज विशीत असणार. ते रोज सकाळी उठून कुठे जातं? जात नसेल, घरात टीव्हीसमोर बसून असेल, तर तुमच्या संस्थेचं पुढचं काम तेच आहे. ते शोधायला सल्लागार नेमू नका, जुना हजेरीपट काढा.

आम्ही तांबट आळीतल्या एका वाड्यात दोन खोल्यांत सुरुवात केली. खाली दिवसभर भांड्यांची ठोकाठोक. आवाज सहन न होणारी दोन मुलं कानावर हात दाबून बसायची, म्हणून त्यांचा वर्ग दुपारी कारागीर जेवायला गेले की घ्यायचो. रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये नाशिकला प्रबोधिनी सुरू केली होती. त्यामुळे अशा मुलांचीही शाळा असते, हे शहराला पटवून द्यायचे कष्ट आमच्या वाट्याला आले नाहीत. पुढे आमची पहिली मुलं अठराची झाली. शाळेचा दाखला हातात घेऊन त्यांच्या आया दारात उभ्या राहिल्या, तेव्हा मोठ्या मुलांना काम देणारी कार्यशाळा काढली. आणखी काही वर्षांनी एका मुलाचे वडील गेले, मग दोन वर्षांत आई गेली. चुलत्यांनी त्याला तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी रिक्षात घालून आमच्याकडे आणून सोडलं. हातात एक पिशवी, तिच्यात दोन शर्ट आणि देवाचा फोटो. त्या रात्री तो कार्यशाळेत फुलवातींच्या कापसाच्या गाठोड्यावर झोपला. आमचं वसतिगृह त्या रात्री सुरू झालं, परवानग्या आणि उद्घाटन नंतर.

मुलं मोठी झाली तशी संस्था मोठी झाली. कायदेही दार उघडत गेले. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ते एकवीस झाले. स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, पार्किन्सन, थॅलेसेमिया, सिकलसेल हे सगळं त्यात आलं. पेठ-सुरगाण्याचं नाव घेताय म्हणून सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, मुद्दाम सांगते. आदिवासी भागात काम करायचं तर तो आजार तुम्हाला वाटेवर भेटणारच. फिजिओ आणि विशेष शिक्षक एवढ्यावर तिथं भागणार नाही.

आता त्या दोन मजल्यांबद्दल. त्यावर चढणार कोण? सेरेब्रल पाल्सीची मुलं? लिफ्ट बसवाल, पण दुपारी वीज गेली की ती मुलं वर आणि जेवण खाली. देणगी घ्या, पण तळमजल्यावर शेजारची जागा मिळते का ते आधी बघा. तिथं अठरा वर्षांपुढच्यांची कार्यशाळा करा. आणि देणगीदारांना नम्रपणे सांगा की बांधकामाबरोबर काही रक्कम देखभालीसाठी कायम निधीत ठेवावी लागेल. जे खरे देणारे असतात त्यांना याचा राग येत नाही.

हे मी अनुभवानं सांगते आहे. आमच्या कारकिर्दीत आम्ही एका तालुक्याच्या गावी केंद्र बांधलं. दगडी जोतं, व्हरांडा, दारावर देणगीदाराच्या आईंच्या नावाची संगमरवरी पाटी. इमारतीला पैसे मिळाले. मुलांना आणायच्या गाडीच्या डिझेलला कुणी देईना. पहिल्या वर्षी तीस मुलं येत होती, दुसऱ्या वर्षाअखेर नऊ, आणि ती नऊही गावातली, ज्यांना चालत येता येत होतं. ज्यांच्यासाठी केंद्र काढलं ती वाड्यावस्त्यांवरची मुलं पुन्हा घरी बसली. निर्णयावर माझीही सही होती. तो बंद व्हरांडा आठवला की आजही घास उतरत नाही.

त्यानंतर पेठ तालुक्यात आम्ही इमारत न बांधता गेलो. एक मुलगा नेमला, तिथलाच, बारावी झालेला, कोकणा आदिवासींची बोली बोलणारा. त्याला सहा महिने आमच्या फिजिओबाईंबरोबर फिरवलं आणि मोटारसायकल दिली. एका पाड्यावर सात वर्षांची मुलगी होती, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे, दिवसभर गोणपाटावर आडवी. वडिलांनी अंगणात चार मेढी रोवल्या आणि त्यांवर मुलीच्या कमरेएवढ्या उंचीवर दोन बांबू आडवे बांधले. दोन बांबूंमध्ये एक हात अंतर. बांबूच्या पेरांवरच्या गाठी त्यांनी कोयत्यानं तासून काढल्या, तिच्या तळव्याला बोचू नयेत म्हणून. मी गेले तेव्हा ती त्या दोन बांबूंच्या मध्ये उभी होती आणि टोकाला तिची आजी हातात बोरं घेऊन बसली होती. एक पाऊल, एक बोर. चार पावलांचा तो रस्ता पार करायला तिला वीस मिनिटं लागली. तसलं साधन शहरात हजारोंचं येतं. इथं खर्च शून्य, आणि मोडलं तर दुरुस्त करणारा बाप घरातच.

पण दिवाळीनंतर आमचा हा कार्यकर्ता पाड्यावर गेला तर घराला कडी. नागली-भात निघालं की पेठ-सुरगाण्याची कितीतरी कुटुंबं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला उतरतात, ती पाऊस तोंडावर आला की परततात. ती मुलगी तुमच्या तालुक्यात होती, दादा. बागेच्या कडेला ताडपत्रीच्या पालात. तिथं बांबू नव्हते. चार-पाच महिन्यांत पाय पुन्हा आखडले.

म्हणून तुमच्या दोन गटांतलं भांडण मला खरं भांडण वाटतच नाही. पेठ-सुरगाणा वर्षातले काही महिने तुमच्या दारात येतो. छाटणीच्या आणि माल काढायच्या हंगामात बागाईतदारांना विचारा, तुमच्याकडच्या मजुरांत न चालणारं, न बोलणारं मूल कुणाचं आहे का. तिथून सुरुवात करा. मग त्या कुटुंबांच्या मागं त्यांच्या पाड्यावर जा, ओळखीचे होऊन जाल. आम्ही शेवटी एक वही केली. कुठला व्यायाम, किती वेळा, पुढची तारीख. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आईकडेच ठेवायची, रेशनकार्डाबरोबर. संस्थेच्या कपाटातली फाइल स्थलांतर करत नाही, वही करते.

कागदांचं थोडक्यात. तुमच्या संस्थेच्या घटनेत कार्यक्षेत्र काय लिहिलंय ते वाचा. निफाड तालुका एवढंच असेल तर धर्मादाय कार्यालयात आधी दुरुस्ती करून घ्या. विश्वस्त बदलले असतील तर ९० दिवसांत चेंज रिपोर्ट गेलाय का ते बघा, बहुतेक संस्था इथंच अडकतात. नवं केंद्र २०१६ च्या कायद्याखाली नोंदवावं लागतं आणि तिथल्या विशेष शिक्षकाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी हवी. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, हे ग्रामसभेत उठून विचारायला तिथल्या पालकांना शिकवा. आशाताई आणि शाळा-अंगणवाड्या तपासणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक, या दोघांना तुमचा फोन नंबर पाठ असला पाहिजे.

प्रश्न : माझा मुलगा साडेसतरा वर्षांचा आहे, बौद्धिक अक्षमता ७० टक्के. पुढच्या वर्षी शाळा संपेल. हे सरकारी नोकरीत आहेत, पाच वर्षांनी निवृत्त होतील. शाळेनंतर काय आणि आमच्यानंतर काय, या दोन प्रश्नांनी रात्र रात्र झोप लागत नाही. एखादी कायमची निवासी संस्था आत्ताच बघून ठेवावी का? (एक आई, सिडको, नाशिक)

बाई, तुमचे दोन्ही प्रश्न एकत्र बांधू नका. शाळेनंतर काय, याचं उत्तर या वर्षी लागतं. आमच्यानंतर काय, याची तयारीही या वर्षी सुरू करायची, पण ते उत्तर निवासी संस्थेपासून सुरू होत नाही.

आधी कागद. मूल अठरा पूर्ण झालं की कायद्याच्या नजरेत आई-बाप आपोआप पालक राहत नाहीत. बँकेत किंवा जागेच्या व्यवहारात हे एकदम समोर येतं आणि माणूस गोंधळतो. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, तिच्याकडे अर्ज करायचा. अठरा पूर्ण होताच तो करा. नेमलेल्या पालकाला मुलाच्या मालमत्तेची यादी आणि दर वर्षाचा हिशेब समितीला द्यावा लागतो, म्हणजे उद्या कुणी नातेवाईक पालक झाला तरी त्याच्यावर कुणाची तरी नजर राहते. त्याच न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही आणि थेरपीचाही खर्च त्यात बसतो. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलेलं असेलच, नसेल तर हे सगळं सोडून आधी ते.

आणि यांना सांगा, निवृत्तीच्या कागदांत मुलाचं नाव दिव्यांग अपत्य म्हणून आत्ता नोंदवून घ्या. स्वतः कमावू न शकणाऱ्या अशा मुलाला आई-वडिलांच्या मागं कुटुंब निवृत्तिवेतन हयातभर मिळू शकतं. नोंद नसेल तर नंतर त्याच्या भावा-बहिणींना कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

आता शाळेनंतरचं. तुम्ही पत्रात लिहिलंय, ‘त्याला काहीच येत नाही, दहापर्यंत मोजताही येत नाही.’ हे वाक्य वाचून मला आमचा एक मुलगा आठवला. अंबडच्या एका कारखान्यानं आमच्या कार्यशाळेला बोल्ट पिशवीत भरायचं काम दिलं होतं. एका पिशवीत दहा. या मुलाचं तीनच्या पुढं थेट सात यायचं. आम्ही मणी, काड्या, बोटं सगळं करून बघितलं. चार महिने गेले. शेवटी एका शिक्षकानं सुताराकडून लाकडाची फळी आणली, तिच्यात दहा खळगे कोरलेले. एका खळग्यात एक बोल्ट. सगळे भरले की फळी पिशवीच्या तोंडावर उपडी करायची. मोजायचं कामच उरलं नाही. एखादा खळगा रिकामा दिसला की तो त्यावर बोट ठेवून ओरडायचा, ‘बाई, दात पडला!’ त्याची एकही पिशवी कधी परत आली नाही. पहिल्या पगारातून त्यानं आईला बांगड्या नेल्या, हिरव्या. त्या मापाला मोठ्या झाल्या, तरी तिनं त्या दोऱ्यानं बांधून घातल्या.

तुमच्या मुलाच्या फळीला किती खळगे लागतील ते शोधणं हे कार्यशाळेचं काम. प्रवेश घ्यायला जाल तेव्हा राखी-पणत्यांचं कपाट बघून भाळू नका. विचारा की वर्षभराची ऑर्डर कुणाची आहे, मुलांना महिन्याला हातात काय पडतं, आणि ज्याला जमत नाही त्याच्यासाठी कामात काय बदल केला. या तिसऱ्या प्रश्नावर जे लगेच उठून काहीतरी दाखवायला लागतील, तिथं घाला.

निवासी संस्था आत्ता नको. त्याआधी त्याला एकट्यानं चार गोष्टी यायला हव्यात : स्वतःची आंघोळ, स्वतःचं ताट धुणं, कोपऱ्यावरून दूध आणणं, आणि एक रात्र तुमच्याशिवाय झोपणं. यातली शेवटची त्याच्यापेक्षा तुम्हाला अवघड जाईल. मे महिन्यात त्याला आठ दिवस मावशीकडे ठेवा. तुमचा फोन तिथं दिवसातून एकदाच जाऊ दे.

प्रश्न : मी सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत सीएसआरचं, म्हणजे कंपनीनं नफ्यातून समाजासाठी करायच्या खर्चाचं, काम पाहतो. दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला मदत करायची आहे. व्यवस्थापनाचं म्हणणं असं की यंत्रं, व्हीलचेअर, गाडी यांना पैसे देऊ, पगारांना नको. शिवाय प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर चालत नाही असा नियम आहे. योग्य काय? (एक अधिकारी, सातपूर)

तो नियम तुमच्या कंपनीसाठी आहे, संस्थेसाठी नाही. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ खाली तुम्ही सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करता. त्यातला तुमचा स्वतःचा सीएसआर विभाग चालवण्याचा खर्च ५ टक्क्यांच्या आत हवा. काम करणाऱ्या संस्थेच्या खर्चाला ही मर्यादा लागू नाही, असं कंपनी व्यवहार मंत्रालयानं २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे. ते पत्रक छापून व्यवस्थापनासमोर ठेवा. कितीतरी संस्थांना हा नियम सांगून पगार नाकारले जातात आणि त्यांना उलट बोलायची हिंमत होत नाही.

व्हीलचेअर वाटपाचे फोटो चांगले येतात. पण सहा महिन्यांनी पुढचं चाक निखळलं की ती खुर्ची कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. व्हीलचेअर मापानं द्यावी लागते, बसायला शिकवावं लागतं, दुरुस्त करावी लागते. या तिन्ही गोष्टी माणूस करतो आणि त्या माणसाला पगार लागतो. एका फिरत्या कार्यकर्त्याचा तीन वर्षांचा पगार आणि पेट्रोल, एवढंच द्या. चालू प्रकल्प म्हणून सुरुवातीचं वर्ष सोडून पुढं तीन वर्षं तुम्हाला नियमानं देता येतं. देण्याआधी संस्थेचा सीएसआर नोंदणी क्रमांक, आयकर खात्याची बारा-ए, ऐंशी-जी नोंदणी आणि तीन वर्षांचे ऑडिट बघा. आणि एक दिवस त्या कार्यकर्त्याच्या मोटारसायकलवर मागं बसून जा. मग व्यवस्थापनाला काय सांगायचं ते मला विचारावं लागणार नाही.

प्रश्न : ताई, मी विशेष शिक्षणाचा कोर्स करून आठ महिन्यांपूर्वी एका संस्थेत लागले. माझ्या वर्गात सहा वर्षांचा एक स्वमग्न मुलगा आहे, अजून एक शब्द बोलत नाही. माझ्या आधी त्याच्या तीन शिक्षिका बदलल्या. पगार इतका कमी की घरभाडं देऊन काही उरत नाही. संस्थेचं नवीन सभागृह मात्र होतंय. सोडून द्यावंसं वाटतं. (एक शिक्षिका, नाशिक रोड)

बाळा, तुझ्या पत्रातलं सभागृहाचं वाक्य मी तीनदा वाचलं. मी कारभारात होते त्या बारा वर्षांत आमच्याकडूनही चांगल्या शिक्षिका गेल्या. एकीला जिल्हा परिषदेत लागलं, एकीचं लग्न झालं, असं आम्ही म्हणायचो. खरं म्हणजे आम्ही त्यांना जगण्यापुरता पगार देत नव्हतो आणि त्याच वर्षी कंपाउंड वॉल बांधत होतो. एक शिक्षिका गेली की तिच्याबरोबर दहा मुलांची माहिती जायची. कुठल्या मुलाला पाठीवर हात चालतो आणि कुणाला चालत नाही, भूक लागली की कोण चावा घेतं, हे कुठल्याच फाइलीत नसतं. नव्या बाईला ते सगळं पहिल्यापासून शोधावं लागायचं आणि मूल तितके महिने मागं जायचं. तुझा मुलगा तीनदा असा मागं गेलाय. आठ महिन्यांत शब्द आला नाही, यात तुझा दोष नाही.

पगाराचं लेखी माग. एकटीनं नको, सगळ्या शिक्षिकांनी मिळून, अंदाजपत्रकाच्या सभेआधी, म्हणजे फेब्रुवारीतच. वाढ देता येत नसेल तर का येत नाही हे आकड्यांत दाखवा म्हणावं. सार्वजनिक न्यासाचे हिशेब काही विश्वस्तांच्या खासगी वह्या नाहीत. तरीही मिळालं नाही आणि तुला सोडावं लागलं, तर मनाला लावून घेऊ नकोस. घरभाडं कुणाला चुकलं आहे?

पण जाशील किंवा राहशील, एक वही कर. दोनशे पानी, त्या मुलाच्या नावाची. सोमवारी त्याच्या आईला विचार की तो घरी पाणी कसं मागतो. हात धरून माठापर्यंत नेतो, भांडं आपटतो की नुसता माठाजवळ जाऊन उभा राहतो? जे सांगेल ते तिच्याच शब्दांत पहिल्या पानावर लिही. मग वर्गात पाण्याची बाटली त्याला दिसेल पण हाताला लागणार नाही अशी ठेव, आणि तो काय करतो ते बघ. तो जे करेल तो त्याचा शब्द. तू त्याच क्षणी ‘पाणी’ म्हण आणि बाटली दे, दर वेळी, एकदाही न चुकता. दोन आठवड्यांनी मला पत्र लिही, माठाजवळ काय झालं ते.